भूप, डी फ्लॅट सेव्हन आणि तीन जाणत्यांची तीन मतं

प्रश्न : भावगीतांच्या वाद्यवृंदात मी गिटार वाजवतो आणि दोन वर्षांपासून जॅझ शिकतोय. परवा तालमीत भूपातलं एक गाणं होतं, पट्टी पांढरी एक. अंतरा संपवून मुखड्यावर येताना मी जी सेव्हन या कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या) जागी डी फ्लॅट सेव्हन टाकला. गायक थांबलेच. पेटीवाले काका म्हणाले, "सूर कुठे गेला तुझा?" आमचा ड्रमर एका रॉक बँडमध्येही वाजवतो, त्याच्या मते मी कॉर्ड 'दाखवायला' वाजवतो. जॅझचे सर मात्र म्हणतात, नुसता जी सेव्हन म्हणजे बालवाडी. बरोबर कोण? हे सगळं सोडून देऊ का? आणि डिमिनिश्ड कॉर्ड (दीड-दीड सुराच्या अंतराने रचलेले) तरी भावगीतात चालतात का?
– एक गिटारवादक, डोंबिवली

उत्तर : सोडू नका. पण त्या जागी तो कॉर्ड चुकलाच होता. काकांच्या कानाने चूक नेमकी पकडली, फक्त कारण काही सांगितलं नाही. सरांनी जे शिकवलं तेही चूक नाही. तुम्ही ते वापरलंत अशा ठिकाणी, जिथे त्याला उभं राहायला जागाच नव्हती.

आधी तो सब (सब्स्टिट्यूशन, म्हणजे एका कॉर्डच्या जागी ठेवलेला दुसरा) चालतो कशावर, ते बघू. जी सेव्हनमध्ये ओढ निर्माण करणारे सूर दोनच : बी आणि एफ. सा म्हणजे सी धरला तर शुद्ध नी आणि शुद्ध म. नी या सुराला वर सा हवा असतो, म या सुराला खाली ग. डी फ्लॅट सेव्हनमध्ये हेच दोन सूर आहेत (बीला तिथे कागदावर सी फ्लॅट लिहितात, पडदा तोच). म्हणून जॅझवाले एकाच्या जागी दुसरा सहज ठेवतात. शिवाय बेसला रे, कोमल रे, सा असा घसरत येणारा रस्ता मिळतो. गिटारवर तीनच तारांत वाजवा : पाचवी, चौथी, तिसरी. डी मायनर सेव्हनला पडदे ५-३-५, डी फ्लॅट सेव्हनला ४-३-४, सी मेजर सेव्हनला ३-२-४. पाचव्या तारेवर ५, ४, ३ असं बोट सरकतं आणि वरची दोन बोटं जेमतेम हलतात. सर ज्याच्या प्रेमात आहेत ते हेच, आणि प्रेमात पडण्यासारखं ते आहेच.

आता भूप. सा रे ग प ध, म्हणजे सी, डी, ई, जी, ए. डी फ्लॅट सेव्हनचे सूर डी फ्लॅट, एफ, ए फ्लॅट आणि बी. कोमल रे, शुद्ध म, कोमल ध, शुद्ध नी. चारपैकी एकही भूपात नाही. साधा जी सेव्हनसुद्धा भूपात काही सोवळा नाही, त्यातले म आणि नी वर्ज्यच आहेत. पण प आणि रे रागातले असल्यामुळे आणि इतकी वर्षं भूपातल्या गाण्यांखाली तो ऐकल्यामुळे कान त्याला चालवून घेतो. तुमच्या कॉर्डला तेवढाही आधार नव्हता.

शिवाय अंतऱ्याच्या शेवटी बहुतेक गायक समेच्या अर्धी-पाऊण मात्रा आधीच सा या सुरावर येऊन टेकतात. त्या क्षणी तुमचा डी फ्लॅट सेव्हन अजून वाजतोय. त्यातला बी साच्या अर्धा सूर खाली, डी फ्लॅट अर्धा सूर वर. गायकाचा सा दोन्ही बाजूंनी घेरला गेला. पेटी तर आवाजाबरोबर चालच वाजवत असते, म्हणजे काकांच्या हातातही तोच सा. ते थांबले नसते तरच नवल.

म्हणून कुठलाही सब टाकण्याआधी त्या मात्रांवर चालीचा कोणता सूर आहे आणि नव्या कॉर्डच्या हिशेबाने तो काय होतो, एवढं बघायचं. डी फ्लॅट सेव्हनपुरता हिशेब असा (इलेव्हन, नाइन हे आकडे म्हणजे कॉर्डच्या मूळ सुरापासून मोजलेली जागा; शार्प म्हणजे अर्धा सूर वर, फ्लॅट म्हणजे अर्धा सूर खाली). चालीत प असेल तर तो शार्प इलेव्हन होतो, छान बसतो. ध असेल तर शार्प फाइव्ह. चालतो, पण कॉर्डमधला ए फ्लॅट गाळायचा, नाहीतर ध आणि ए फ्लॅट एकमेकांना घासतात. (प असतानाही ए फ्लॅट गाळलेला बरा. वर दिलेल्या तीन तारांच्या पकडीत तो मुळातच नाही, हा तिचा मोठा फायदा.) ग असेल तर शार्प नाइन, ब्लूजचा तिखटपणा येतो, भावगीताच्या शब्दांखाली तो बहुधा नको असतो. रे असेल तर फ्लॅट नाइन : जाता जाता लागला तर खपतो, दोन मात्रा धरून ठेवला तर बेसशी भांडतो. आणि सा असेल तर तो कॉर्ड विसरायचा. त्याला तडजोड नाही.

मग भूपात तिथे वाजवायचं काय? कान नव्या हार्मनीला भुकेला आहे हे समजतं, म्हणून नुसता जी सेव्हन वाजवून गप्प बसा असं सांगत नाही. हे करून बघा : ए मायनर सेव्हन, डी सस फोर, जी सस टू, सी सिक्स. चारही कॉर्ड पूर्णपणे भूपाच्या सुरांतले, आणि चौघांतही प आणि ध हे दोन सूर आहेत. ते वर धरून ठेवायचे, खाली बेस ध, रे, प, सा असा चालवायचा. गिटारवर तिसरी तार मोकळी (प), पहिली तार पाचव्या पडद्यावर (ध), ही दोन बोटांनी छेडत राहायची. बेसला पाचवी मोकळी, चौथी मोकळी, सहावी तिसऱ्या पडद्यावर, मग पाचवी तिसऱ्या पडद्यावर. केरव्यात प्रत्येकी दोन मात्रा, शेवटचा सी सिक्स समेवर. ग कुठेच वाजत नाही. तो गायकासाठी मोकळा राहतो. पट्टी काळी एक झाली तर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) पहिल्या पडद्यावर लावा, बोटं तीच. काकांना हे ऐकवा. सूर कुठे गेला असं म्हणणार नाहीत.

राग बदलला की उत्तरही बदलतं, इथे सरसकट नियम लावू नका. यमनात तीव्र म आहे म्हणून जॅझवाल्याचा हात लगेच डी सेव्हनकडे जातो. सूर सगळे यमनचेच, रे, तीव्र म, ध, सा. पण डी सेव्हननंतर जी वाजवलात की ऐकणाऱ्याचा सा उचलून प या सुरावर जातो, गायक एकीकडे आणि श्रोता दुसरीकडे. उपाय सोपा : डी मेजर वाजवा, पण बेस सा या सुरावरून हलवू नका. किरवाणीत तुमच्या जॅझचं बरंच सामान जसंच्या तसं चालतं : डी मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह, जी सेव्हन फ्लॅट नाइन, सी मायनर, एकही सूर रागाबाहेर नाही. आणि भैरवीत तर डी फ्लॅट घरचाच, फक्त सेव्हन नव्हे, मेजर सेव्हन. त्यातला सा चालीतल्या सा या सुराला टेकू देतो. तोच डी फ्लॅट भूपात पाहुणा आणि भैरवीत यजमान.

तंबोऱ्याचं यंत्र चालू असेल, म्हणजे नाट्यगीत, अभंग किंवा संथ लयीतलं काही, तर हा सब आणायचाच नाही. खाली सा-प अखंड वाजत असताना डी फ्लॅट सेव्हन एक क्षणही स्थिर होत नाही. तिथे साध्या सी मेजरलाही एक अडचण असते. गिटारचा ग साच्या वर ४०० सेंटवर (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) असतो, तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार सुमारे ३८६ वर. चौदा सेंटचा फरक. झपझप वाजवताना कळत नाही, पण गायक गंधारावर थांबला आणि तुमचा ग त्याच्या जोडीला वाजत राहिला की आवाज थरथरल्यासारखा ऐकू येतो. दोष गायकाला लागतो. तिथे सा आणि प एवढंच धरा.

आता सरांकडे वळू. जॅझमध्ये बदली कॉर्ड इतके मोकळेपणाने का चालतात? तिथे मूळ चाल सुरुवातीला एकदा वाजते, मग प्रत्येक वादक त्या कॉर्डच्या चौकटीवर स्वतःची चाल रचत जातो. खाली डी फ्लॅट सेव्हन आला हे त्याला ऐकू येतं आणि तो पुढचे सूर त्याप्रमाणे निवडतो. चाल लवचीक, म्हणून कॉर्डला मुभा. भावगीतात उलट. चाल संगीतकाराने ठरवलेली, शब्दाला जोडलेली, श्रोत्यांना पाठ. तिथे वळायचं ते कॉर्डनेच. तुमच्या सरांचा आणि काकांचा झगडा आवडीनिवडीचा वाटतो, पण मुळात दोघांच्या संगीतात अचल काय आहे यातच फरक आहे. आणि जिथे हा घसरणारा बेस चालीच्या जन्मापासूनच आत असतो तिथे कुणाची तक्रार येत नाही : १९६२ सालच्या 'द गर्ल फ्रॉम इपानेमा' या गाण्यामध्ये एफच्या पट्टीत जी मायनर सेव्हन, जी फ्लॅट सेव्हन, एफ असे कॉर्ड जातात. सी सेव्हनच्या जागी जी फ्लॅट सेव्हन, म्हणजे तुमचाच सब. पण ती चाल त्याच्यासकटच मांडलेली आहे.

'बालवाडी' हा शब्द मात्र सरांनी आवरावा. काउंट बेसीच्या ऑर्केस्ट्रात १९३७पासून गिटार वाजवणारे फ्रेडी ग्रीन बहुतेक वेळा तीन सुरांवर काम भागवत, आणि त्यातलाही कित्येकदा एकच सूर नीट ऐकू येई. बाकीचं ब्रास (ट्रम्पेट, ट्रॉम्बोन) बघून घ्यायचं. त्यांना कुणी बालवाडीत बसवत नाही. जॅझमध्येही सगळ्यांची भूक सारखी नसते. १९५९ साली ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने 'काइंड ऑफ ब्लू' हे रेकॉर्ड केलं, त्यातल्या पहिल्याच रचनेत एका आवर्तनाच्या बत्तीस बारांत (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा गट) दोनच स्वरकेंद्रं : सोळा बार डी मायनर, आठ ई फ्लॅट मायनर, परत आठ डी मायनर. त्याच वर्षी जॉन कोलट्रेनने 'जायंट स्टेप्स' रेकॉर्ड केलं, सोळा बारांत तीन पट्ट्यांमधून धावपळ. गंमत अशी की पहिल्या रेकॉर्डवरही सॅक्सोफोनवर हेच कोलट्रेन आहेत. घराण्यांवरून रात्र-रात्र भांडणाऱ्या आपल्या लोकांना हे नवीन वाटू नये.

ड्रमरचं म्हणणंही ऐकून घ्या. रॉकमध्ये सेव्हन्थ टाळतात त्याचं एक कारण अगदी भौतिक आहे : डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा मुद्दाम फाडलेला, खरखरीत आवाज. दोन सूर डिस्टॉर्शनमधून गेले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या फरकाएवढा तिसरा सूर खाली तयार होतो. ए आणि ई वाजवा : ११० आणि १६५ हर्ट्झ, फरक ५५. म्हणजे बरोबर खालचा ए. कॉर्ड भरदार होतो, म्हणून पॉवर कॉर्ड. आता तुमच्या पकडीतला एफ आणि बी वाजवा : साधारण १७५ आणि २४७, फरक ७२च्या आसपास. तो धड डीही नाही आणि धड दुसरं काही नाही. चिखल होतो. तुमचा मित्र अडाणी नाही, त्याच्या ॲम्प्लिफायरवर तो कॉर्ड खरोखरच वाईट वाजतो. क्लीन टोनवर त्याला ऐकवा आणि मग मत विचारा.

दोघं मिळून ब्लूज वाजवायला बसलात तर आणखी एका ठिकाणी अडकाल, म्हणून आधीच सांगतो. सीमधल्या बारा बारांत नवव्या-दहाव्या बारला रॉकवाले जी सेव्हन, एफ सेव्हन घेतात. जॅझवाले डी मायनर सेव्हन, जी सेव्हन. न ठरवता वाजवलंत तर दहाव्या बारला एकाचा एफ सेव्हन आणि दुसऱ्याचा जी सेव्हन एकमेकांवर पडतील : सीवर बी, ई फ्लॅटवर डी. दोघंही 'तू चुकलास' म्हणाल. सुरू करण्याआधी ते दोन बार ठरवून घ्या, बाकीचे दहा सांभाळता येतात. आणि सब टाकायची फारच हौस असेल तर चौथ्या बारच्या शेवटच्या दोन मात्रांवर जी फ्लॅट सेव्हन टाका, पाचव्या बारच्या एफ सेव्हनवर तो सुरेख उतरतो.

वाद्यवृंदात तुमच्या जॅझला जागा आहे, ती म्युझिक पीसेसमध्ये, म्हणजे गाण्याच्या ओळींमधल्या नुसत्या वाद्यांच्या तुकड्यांत. मुंबईच्या सिनेसंगीतात गोव्याहून आलेल्या वादकांनी आणि अरेंजरांनी हेच केलं. चिक चॉकलेट सी. रामचंद्रांबरोबर होते, सेबॅस्टियन डिसूझा शंकर-जयकिशनबरोबर. हार्मनी त्यांच्या हाडात होती. पण आवाज चालू असताना सेबॅस्टियन यांच्या अरेंजमेंटची खासियत म्हणजे मागे व्हायोलिनवर स्वतंत्र प्रति-चाल. गायकाच्या पायाखालची जमीन न हलवता गाणं समृद्ध करायची ही रीत. मुखडा आणि अंतऱ्याच्या मधला पीस नीट ऐका : आवाज नाही, पेटीही बहुधा थांबलेली. तिथल्या शेवटच्या दोन मात्रा तुमच्या. पण पीसची चालही तपासा, ती बासरीवाल्याकडे असेल तर तो कोणत्या सुरावर थांबतो ते विचारा.

पुढच्या तालमीला काय करायचं? गाण्याचा चार्ट काढा, वर चालीचे सूर सारेगममध्ये, खाली कॉर्ड. जिथे चालीचा सूर एका मात्रेपेक्षा जास्त टिकतो तिथे गोल करा. गोलाखाली सब टाकायचा असेल तर वरचा हिशेब आधी. एका गाण्यात दोनपेक्षा जास्त जागा निवडू नका, आणि मुखडा पहिल्यांदा येतो तेव्हा एकही नको. श्रोत्याला आधी साधा जी ऐकू द्या, मग बदल केलात तर तो कळतो.

बेसवाल्याला सांगितल्याशिवाय काही करू नका. तुम्ही डी फ्लॅट सेव्हन वाजवलात आणि त्याने सवयीने जी धरला तर तुमचा सब राहतच नाही, तो जी सेव्हन फ्लॅट नाइन, फ्लॅट फाइव्ह होतो. जॅझ क्लबात खपून जाईल. वाद्यवृंदाच्या स्पीकरवर मात्र जी आणि डी फ्लॅट दोन्ही खाली घुमतात आणि गायकाला मॉनिटरमधून सा सापडत नाही. कीबोर्डवाला असेल तर त्यालाही सांगा की मधल्या सीच्या एक सप्तक खाली बी आणि एफ एकत्र वाजवू नकोस. तिथे एकटा बेस राहू दे.

गायकाला 'आवडलं का' असं विचारू नका. होच म्हणतील, किंवा नाहीच म्हणतील, आणि दोन्हीचा उपयोग नाही. ती जागा दोनदा गाऊन घ्या, एकदा साध्या कॉर्डवर, एकदा बदललेल्या, आणि फोनवर रेकॉर्ड करा. नंतर फक्त आवाज ऐका. दुसऱ्या वेळी सूर किंचित चढला किंवा उतरला, किंवा सावर यायला क्षणभर उशीर झाला, तर कॉर्ड काढून टाका. तो कागदावर कितीही बरोबर असला तरी.

डिमिनिश्डचं थोडक्यात. किरवाणीत बी डिमिनिश्ड सेव्हन बेधडक वाजवा. त्याचे चारही सूर रागातले आहेत आणि काम तो जी सेव्हन फ्लॅट नाइनचंच करतो. भूपात सी, सी शार्प डिमिनिश्ड, डी मायनर हा जुना रस्ता नको, कारण डी मायनरमध्ये एफ आहे, म्हणजे मुक्कामालाच वर्ज्य सूर. खमाजच्या अंगाने जाणाऱ्या गाण्यांत मात्र तोच रस्ता पीसमध्ये गोड लागतो, कोमल नी त्या डिमिनिश्डमध्येच बसलेला असतो. मधला कॉर्ड दोन मात्रांच्या वर ताणू नका.